अर्धवट राहिलेली कथा पुन्हा हाती घेताना

कथा मध्येच अडते आणि चार महिन्यांनी वही उघडली की त्या पात्राला पुढे काय करायचे होते, हेच आठवत नाही. माझ्या कितीतरी कथा अशा वाया गेल्यावर मला पुढील पद्धत सापडली.

लेखन थांबवताना, हाताला गती असतानाच, शेवटचे वाक्य मुद्दाम अपुरे सोडावे. त्याखाली तारीख घालून तीन ओळी लिहाव्यात:

१. पात्राला या क्षणी काय हवे आहे.
२. त्याची वाट कशामुळे अडली आहे.
३. प्रसंगातील एखादा वास, आवाज किंवा वस्तू.

माझ्या मते तिसरी ओळ सर्वांत मोलाची. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीतील एका बाईची कथा मी शिमग्याच्या सुमारास सोडली होती. श्रावणात वही काढली तेव्हा कथानक पार पुसले गेले होते, परंतु 'ओले काजूगर सोलून काळवंडलेली बोटे ती पदराखाली लपवते' एवढ्या ओळीने ती बाई समोर येऊन बसली, आणि ती बोटे नेमकी कोणापासून लपवते, या प्रश्नातून पुढची चार पाने एका बैठकीत झाली.

या ओळी पेन्सिलीने लिहाव्यात, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात शाई फुटते. वहीही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

कथेचा शेवट मात्र टिपून ठेवू नये. तो आधीच ठरला की पात्रे त्याच दिशेने ओढली जातात आणि प्रसंग निर्जीव होतात.