बुडणारं पोर ओळखायचं कसं आणि पोहताना पोरांवर लक्ष कसं ठेवायचं

टॉवेल, चष्मा, खाऊ हे तुम्ही न सांगता घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही. पोहण्याचे कपडे मात्र भडक घ्या, केशरी नाहीतर गुलाबी, निळा रंग पाण्याखाली दिसतच नाही. हाताला लावायचे हवेचे फुगे म्हणजे खेळणी आहेत, हवा गेली किंवा हातातून निसटले की संपलं. मापाचं, पट्टे नीट आवळता येणारं लाइफ जॅकेट घाला.

आता खरी अवघड गोष्ट. बुडणारा माणूस "वाचवा वाचवा" ओरडतो आणि हात हलवतो हे डोक्यातून काढून टाका, हा गैरसमज ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. अहो तोंड पाण्यावर येतं तेच क्षणभर, तेवढ्यात श्वास सोडायचा, आत घ्यायचा की परत खाली, ओरडायला हवा उरते कुठे? हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, तेही आपोआप, त्यामुळे हात हलवून बोलावणं त्याच्या हातात नसतंच. अंग पाण्यात उभं, पाय जवळजवळ थांबलेले, मान मागे टाकलेली, तोंड उघडं आणि पाण्याच्या रेषेवर, केस डोळ्यांवर आले तरी बाजूला करत नाही, नजर कुठेच लागत नाही. लांबून वाटतं पोरगं मजेत आभाळ बघतंय. काठावरची आई कौतुकाने म्हणते बघा कसा छान उभा राहिलाय, आणि तो गटांगळ्या खात असतो! मलाही सुरुवातीला हे ओळखणं फार जड जायचं, म्हणून आता सरळ हाक मारते, "काय रे, ठीक ना?" उत्तर आलं तर ठीक, नुसतं बघत राहिला तर लगेच पोचायचं. असं साधारण 20 ते 60 सेकंद चालतं, मग पोर खाली जातं, लहान पोरं त्याहून लवकर. जो ओरडतोय त्याच्याकडेही धावाच, फक्त गप्प झालेला आधी.

लक्ष ठेवायला एकाच मोठ्या माणसाला नेमा, फोन बॅगेत, 15-20 मिनिटांनी पाळी बदला. "आम्ही सगळे इथेच आहोत ना" म्हणजे कोणीच बघत नाहीये. लाइफगार्ड असला तरी पोहता न येणारं पोर हाताच्या अंतरावर, म्हणजे तुम्हीही पाण्यातच. श्वास कोण जास्त रोखतो असल्या पैजा बंद, त्यात चांगलं पोहणारी पोरंसुद्धा पाण्याखाली बेशुद्ध पडतात.

वाचवताना खोल पाण्यात उडी नको, घाबरलेला माणूस तुमच्यावरच चढतो. काठावर पालथे पडा आणि काठी, टॉवेल, ट्यूब जे असेल ते अगदी त्याच्या हाताखाली सरकवा, लांब टाकलेली दोरी त्याला धरता येत नाही.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर एकाला अँब्युलन्सला फोन करायला लावा, तुम्ही आधी तोंडाने 5 श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असं मदत येईपर्यंत. पोट दाबू नका, उलटं टांगू नका, कोणी कितीही अनुभवी काका सांगत असले तरी. आणि पोर शुद्धीवर असलं पण खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, उलट्या होत असतील किंवा पेंगत असेल तर घरी न्यायचं नाही, थेट हॉस्पिटल.