लेआउटला बेट समजा: 40 घरांचा नेट झीरो आराखडा

स्कॉटलंडच्या एग बेटावर 2008 पासून पाणी, वारा आणि उन्हावर चालणारी गावाची स्वतःची वीज आहे. तिथे कुठल्याही घराला एका वेळी 5 किलोवॉटपेक्षा जास्त ओढता येत नाही. बाहेरून केबल येत नाही, म्हणून आधी मागणीलाच कुंपण घातलं. नागपूरच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या घरांच्या वसाहतीत, महावितरणची लाइन असते, त्यामुळे हा भाग गाळून आपण थेट पॅनेलचं कोटेशन मागवतो. नेट झीरो म्हणजे वर्षाला घरांत जेवढी ऊर्जा लागते तेवढी स्वतःच तयार करणं, आणि इथंच ते गणित चुकतं.

आधी सगळ्या घरांची 12 महिन्यांची बिलं जमवा. एकट्या मेच्या बिलावर जाऊ नका, त्यात कूलर-एसी बोलतात. घरामागे महिन्याला सरासरी 200 युनिट धरले तर वर्षाचे 96,000. मग पंखे बदला. जुना 75 वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॉटचा. घरात तीन पंखे, रोज 10 तास, वर्षाचे 270 दिवस चालले तर 40 घरांत साधारण 14,500 युनिट वाचतात. उरले 81,500.

आता सिलिंडर. तो बहुतेक आराखड्यांत नसतोच, आणि मग नेट झीरो कागदावरच राहतो. 14.2 किलोच्या एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर 110 ते 120 युनिट लागतात. घराला वर्षाला आठ धरले तर लेआउटचे 36,000 युनिट वाढले. एकूण 1,17,500. नागपुरात 1 किलोवॉट सोलर वर्षाला साधारण 1,400 युनिट देतं, म्हणजे 84 किलोवॉट हवेत: 28 गच्च्यांवर तीन-तीन. प्रत्येकी 300 चौरस फूट मोकळी, टाकीची सावली न पडणारी जागा शोधा. वाळवणाची जागा जाणार, हे घरच्यांना आधीच सांगून टाका. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. अर्ज भरण्याआधी लेआउटचा ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, आणि त्यावर आधीच किती सोलर जोडलंय, हे महावितरणला विचारून घ्या.

ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून करंट बसेल. लाइन गेल्यावरच्या त्या वेळेसाठी सामायिक बॅटरी बँक घेऊ नका. दोन पंखे, तीन दिवे आणि राउटर मिळून 100 ते 150 वॉट होतात. घरातली 150 एएचची बॅटरी चार-पाच तास ओढते. पाण्याचा पंप मात्र बॅटरीवर नको, तो उन्हाच्या वेळी, दुपारी 11 ते 2 मध्येच चालवा.

पॅनेल दक्षिणेला, 20 अंशांवर, खालून वारा जाईल असे उचलून बसवा. मेमध्ये पॅनेल 70 अंशांपर्यंत तापतं आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला जवळपास 0.35 टक्के उत्पादन घटतं, त्यामुळे तेव्हा मीटर सहावा-सातवा हिस्सा कमी दिसला तर घाबरू नका. खरी चोरी खालच्या फ्रेमपाशी होते. तिथे धुळीची बोटभर पट्टी साचते, सेलची खालची ओळ झाकते आणि अख्ख्या स्ट्रिंगला, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या सगळ्या पॅनेलना, मागे खेचते. ती सूर्य उगवायच्या आत पुसा. बोअरचं पाणी वापरलं तर शेवटी कापडाने कोरडं करा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग काचेवर कायमचे बसतात.