जुन्या चिनीतून इंग्रजीत : मधला खर्डा मराठीत

जुना चिनी कवी वांग वेई याची 'लू चाय' ही कविता वीस अक्षरांची आहे. चार ओळी, ओळीला पाच अक्षरं. तैपेईत शिकत असताना मी तिचं इंग्रजी भाषांतर एका संध्याकाळी उरकलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिसऱ्या ओळीतल्या एका अक्षराभोवती पेन्सिलीने बारीक गोल काढून वही परत दिली. आजच्या चिनीत ते अक्षर 'चिंग', म्हणजे देखावा. मी 'परतणारा देखावा' असं काहीतरी लिहिलं होतं आणि अर्थ लागेना तेव्हा 'कविता गूढ आहे' अशी स्वतःची समजूत घातली होती. तिथे ते 'यिंग' असं वाचायचं. 'फान यिंग' म्हणजे मावळतीचा, उलटून आलेला उजेड. संध्याकाळचं ऊन दाट झाडीत शिरतं आणि शेवाळावर पडतं. गूढ वगैरे काही नाही.

या वाटेला येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: ओळखीच्या अक्षराला भ्या. अनोळखी अक्षर आलं की आपण कोश उघडतो. ओळखीचं अक्षर हसून पुढे जाऊ देतं. 'त्सौ' आज चालणं, तेव्हा धावणं. 'थांग' आज सूप, तेव्हा गरम पाणी. 'छ्यू' आज कुठेतरी जाणं, तेव्हा कुठून तरी निघणं. ज्ञानेश्वरी पहिल्यांदा टीपांशिवाय वाचताना आपलं जे होतं, तेच चिनी मुलांचं त्यांचे जुने ग्रंथ वाचताना होतं. तेव्हा 'मला मँडरिन (म्हणजे आजची चिनी) येतं' एवढ्या भांडवलावर उडी मारू नका. आधी दोनेक वर्षं आजची भाषा, मग निदान तेवढीच वर्षं जुनी, असा माझा हिशेब आहे.

शिकायचं कुठे, हे बरेच जण विचारतात. दिल्लीत जेएनयू आहे. शांतिनिकेतनात १९३७ साली सुरू झालेलं चीन भवन आहे. तैवानची शिष्यवृत्ती मिळाली तर सोडू नका, कारण तिथे पारंपरिक वळणाची अक्षरं रोजच्या पाट्यांवर दिसतात. जुन्या साहित्याला तीच लागतात. चीनमध्ये आज चालणाऱ्या, सोप्या केलेल्या लिपीत 'ढग' आणि 'म्हणतो' ही दोन वेगळी अक्षरं एकच झाली आहेत. जुन्या मजकुरात असा ढग बोलायला लागला की नवखा माणूस गोंधळतो. उच्चारांत मात्र आपण मराठी माणसं जन्मतःच पुढे आहोत. इंग्रजी लिपीत 'डू फू' असा लिहिला जाणारा कवी खरं तर 'तू फू' आहे. त-थ, प-फ, क-ख हा फरक इंग्रजांना घोकावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळतो.

हत्यारं थोडीच लागतात. पॉल क्रोल यांचा २०१५ साली आलेला अभिजात आणि मध्ययुगीन चिनीचा कोश हाताशी ठेवा. एडविन पुलीब्लँक यांचं व्याकरण (१९९५) रुक्ष आहे, तरी घ्या. मूळ ग्रंथ चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. स्टीफन ओवेन यांनी तू फूच्या सगळ्या, म्हणजे सुमारे १,४०० कविता सहा खंडांत इंग्रजीत आणल्या (२०१६). तेही मोफत उतरवून घेता येतात, समोरासमोर मूळ चिनीसकट. रोज एक कविता आधी आपली आपण करायची, मग त्यांची उघडायची. पहिले काही महिने फार मानहानी होते.

आता मुद्द्यावर येते. चिनी कठीण आहे, हे तुम्हाला ठाऊकच असतं. खरा त्रास इंग्रजी देते, हे कोणी सांगत नाही. 'लू चाय'ची पहिली ओळ: रिता डोंगर, माणूस दिसत नाही. कोणाला दिसत नाही? मूळ ओळ सांगत नाही. इंग्रजी मात्र हटून बसते. कर्ता द्या. माणूस एक की अनेक? डोंगर 'ए' की 'द'? आत्ता की तेव्हा? वाक्य सरळ व्हावं म्हणून 'आय' घातला, की ज्या डोंगरात कोणी नाही तिथे तुम्ही स्वतः जाऊन उभे राहिलात. एलियट वाइनबर्गर यांनी या एकाच कवितेच्या एकोणीस रूपांवर एक छोटं पुस्तक केलंय (१९८७). त्यात अनुवादक कसे एकेक करून डोंगरावर चढतात, ते बघायला मजा येते.

म्हणून मी मधला खर्डा मराठीत करते. 'दिसत नाही', 'ऐकू येतं', बस्स. आपल्याकडे कर्ता गाळून वाक्य उभं राहतं, 'ए' आणि 'द'ची कटकट नाही. अर्थ पक्का झाला की मग इंग्रजीचे प्रश्न एकेक करून सोडवायचे. प्रत्येक उत्तर आपण दिलंय, मुळात नव्हतं, हे मराठी खर्ड्यामुळे डोळ्यांसमोर राहतं. माझ्याबरोबरचे काही जण याला दुहेरी हमाली म्हणतात. म्हणोत.

रंगांचंही तसंच. डेव्हिड हॉक्स यांनी 'लाल महालाचं स्वप्न' या जुन्या चिनी कादंबरीचं भाषांतर करायला १९७१ मध्ये ऑक्सफर्डमधलं प्राध्यापकपद सोडलं. चिनी लाल म्हणजे तारुण्य, वसंत, भाग्य. इंग्रजी लाल ते सगळं वाहून नेत नाही असं त्यांना वाटलं, म्हणून नायकाच्या घराच्या नावातला लाल इंग्रजीत चक्क हिरवा झाला. कुंकू आणि लग्नातला शालू ठाऊक असलेल्या मराठी खर्ड्यात तो लालच राहतो. हॉक्स चुकले असं मी म्हणत नाही. यांग श्यान्यी आणि ग्लॅडिस यांग यांनी त्याच कादंबरीत लाल लालच ठेवला. दोन्ही भाषांतरांतलं एकेक प्रकरण शेजारी ठेवून वाचा.

वाचक कोण, हे मात्र आधी ठरवा. आर्थर वेली यांनी १९४२ मध्ये 'पश्चिमेची यात्रा' ही जुनी चिनी कादंबरी इंग्रजीत आणली ती १०० अध्यायांतले ३०च घेऊन. गाळलं पुष्कळ, पण लोकांनी ती आनंदाने वाचली. अँथनी यू यांनी पुढे चार खंडांत सगळीच्या सगळी दिली. विद्यार्थी तिच्याकडे जातात. दोन्ही व्हायला जमत नाही. मी प्रयत्न केला होता. पानाच्या अर्ध्यावर टीपा आणि वरच्या अर्ध्यात मेलेली कविता, असं काहीतरी झालं.

मराठी खर्डा एकदा मात्र माझ्या अंगाशी आला. शाळेच्या पुस्तकातला चिनी प्रवासी युआन श्वांग आठवतो? ६४६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात पुलकेशीचा महाराष्ट्र आहे. सरावासाठी तो उतारा घेतला. इथले लोक 'यौ अन पी पाओ, यौ य्वान पी फू'. उपकार केलात तर फेडणारच, वैर धरलंत तर उगवणारच. आठ अक्षरं, चार-चारची लेझीम. त्यात विशेषण एकही नाही, म्हणून इंग्रजीत 'कृतज्ञ' आणि 'सूडबुद्धीचे' असं करायचं टाळलं. इथवर ठीक. पण त्याच्या जरा आधी लोकांच्या स्वभावाला 'आओ' म्हटलंय. माझ्या खर्ड्यात ते 'स्वाभिमानी' झालं आणि इंग्रजीतही तसंच गुळगुळीत उतरलं. कोश उघडला तर 'आओ' म्हणजे गर्विष्ठ, उद्धट. आठवडाभर मी त्या शब्दाशी भांडले. शेवटी इंग्रजीत उद्धटच ठेवलं.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगते. यावर घर चालत नाही. माझं चालतं ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि करारनाम्यांवर, म्हणजे आजच्या चिनीवर. हजार वर्षांपूर्वीच्या मजकुराला हक्काचा प्रश्न नाही, पण आधुनिक संपादकाच्या टीपा त्याच्या असतात, त्या उचलू नका. करारात मुखपृष्ठावर आपलं नाव येईल हे लिहून घ्या. एका प्रकाशकाने तोंडी शब्द दिला होता. माझं नाव शेवटी आतल्या पानावर, मुद्रणालयाच्या नावाखाली छापलं गेलं.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असं वाटून बिचकू नका. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक पु. वि. बापट यांनी जपानी अभ्यासक अकिरा हिराकावा यांच्यासोबत एका चिनी विनयग्रंथाचं (विनय म्हणजे बौद्ध भिक्षूंचे नियम) इंग्रजी भाषांतर केलं. ते १९७० साली पुण्यातच भांडारकर संस्थेने छापलं.

वैर उगवण्याचा तो 'फू' आहे ना, तोच 'लू चाय'च्या चौथ्या ओळीच्या सुरुवातीला येतो. तिथे त्याचा अर्थ 'पुन्हा': ऊन पुन्हा शेवाळावर पडतं. माझ्या इंग्रजीत हा 'पुन्हा' कुठे बसवायचा, ते अजून ठरलेलं नाही. सध्या ओळीच्या शेवटी आहे.