ल माँची २४ तासांची शर्यत पहिल्यांदा बघायला जाताय? या चुका टाळा

फॉर्म्युला वनची सवय असलेला माणूस फ्रान्समधल्या ल माँला पहिल्यांदा गेला की हमखास गोंधळतो. खुर्चीत दोन तास बसायचं, झेंडा पडला की उठायचं, हा हिशोब इथे चालत नाही. शर्यत शनिवारी दुपारी ४ ला सुटते आणि रविवारी दुपारी ४ ला संपते. ट्रॅकची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे एरवी तिथल्या लोकांच्या येण्याजाण्याचा रस्ता. साठेक गाड्या, प्रत्येक गाडीला तीन ड्रायव्हर. यातलं सगळं कोणालाच दिसत नाही, पिटमध्ये, म्हणजे गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात तिथे, स्क्रीनसमोर बसलेल्या इंजिनिअरलाही नाही. एवढं आधीच मान्य केलं, तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

तिकीट भलत्याच शर्यतीचं काढणं

हसू नका, होतं असं. ल माँला ‘२४ तास’ या नावाने एकच शर्यत होत नाही. एप्रिलच्या सुमारास मोटरसायकलींची होते, तीही मोठ्या ट्रॅकवर नाही तर आतल्या छोट्या बुगाटी सर्किटवर. उन्हाळा सरल्यावर ट्रकची होते. जुन्या गाड्यांचा ‘ल माँ क्लासिक’ हा जुलैतला वेगळाच सोहळा. तुम्हाला हवी ती मोटारींची, जूनच्या मध्यावरची. तारीख, वार आणि ‘मोटार’ हा शब्द पाहूनच पैसे भरा.

तिकीट आयोजकांच्या, म्हणजे ऑटोमोबील क्लब द ल’वेस्तच्या संकेतस्थळावरून काढा. विक्री आदल्या वर्षीच सुरू होते आणि अलीकडे तिकिटं संपतात. २०२३ च्या शताब्दी शर्यतीपासून गर्दी तीन लाखांच्या पुढेच आहे. सर्वसाधारण प्रवेशाच्या तिकिटावर आवारात कुठेही हिंडता येतं. स्टँडमधली खुर्ची हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. पहिल्या खेपेला खुर्ची हवीच का? माझ्या मते तरुण असाल तर नको. सोबत आईवडील असतील, किंवा पावसात चिखल तुडवायची तयारी नसेल, तर जरूर घ्या. पिटच्या समोरची मिळाली तर उत्तम.

व्हिसा आणि मे महिना

आपल्याकडची अर्धी युरोपवारी मे महिन्यात निघते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या व्हिसा केंद्रांत एप्रिलमध्ये वेळ मिळणंच मुश्कील होतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनची शर्यत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच हात घाला. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. आणि हो, फक्त शर्यतीचं तिकीट जोडून भागत नाही, राहण्याचा पुरावाही मागतात. इथेच पुढची चूक होते.

राहायची सोय शेवटावर टाकणं

शर्यतीच्या आठवड्यात गावातली हॉटेलं एक तर भरलेली असतात, नाही तर दर ऐकून घाम फुटतो. मग लोक तूर किंवा आँजेला खोली घेतात. दोन्ही शहरं छान, रेल्वेही आहे, पण रात्री ११ नंतर परतीची गाडी कुठून आणणार? म्हणजे लांब राहायचं तर रात्र ट्रॅकवर काढायची असं ठरवूनच राहायचं. बहुतेक फ्रेंच आणि इंग्लिश प्रेक्षक ट्रॅकला लागून असलेल्या मैदानांवर तंबू ठोकतात. मेझाँ ब्लांश, उ, बोसेजूर अशी त्या मैदानांची नावं, आणि जागा तिकिटासोबतच आगाऊ घ्यावी लागते. तंबू पुण्याहून वाहून नेऊ नका. फ्रान्समध्ये डेकॅथलॉनची दुकानं गावोगावी आहेत, तिथे साधा तंबू आणि झोपायची पिशवी स्वस्तात मिळते.

शांत झोपेची मात्र आशा नको. गाड्या रात्रभर चालतात आणि शेजारचे इंग्रज त्याहून उशिरापर्यंत.

जून म्हणजे उन्हाळा, असं समजणं

दुपारी उन्हाने मान भाजते. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरू शकतो, आणि ओल्या गवतावर बसलात तर तो पाच असल्यासारखा वाटतो. महाबळेश्वरच्या हिशोबाने एक स्वेटर नेलेला माणूस पहाटे ३ ला प्लास्टिकचा रेनकोट अंगावर ओढून कुडकुडत बसलेला दिसतो. लोकरी टोपी, वर पाणी न झिरपणारं जाकीट, मोज्यांचा जादा जोड, आणि घोट्यापर्यंतचे बूट. पांढरे स्नीकर घरीच राहू द्या. छत्रीपेक्षा जाकीट बरं, छत्रीने मागच्यांना दिसत नाही आणि ते बोलूनही दाखवतात.

पावसाचं आणखी एक. २०२४ मध्ये रात्री असा पाऊस लागला की सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असताना सगळ्यांचा वेग रोखून धरणाऱ्या गाडीच्या मागे चार तासांहून जास्त वेळ गाड्यांची नुसती मिरवणूक चालली. असं झालं तर कुंपणाला चिकटून भिजत राहू नका. झोपायला हीच वेळ.

चोवीस तास जागं राहायचा हट्ट

सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात, आणि नेमके उत्साही लोक पडतात. शनिवारी सकाळी ८ ला येऊन जागा धरायची, दुपारच्या सुरुवातीला ओरडून घसा बसवायचा, रात्री १ पर्यंत फिरायचं आणि पहाट, म्हणजे अख्ख्या शर्यतीतला सगळ्यात देखणा भाग, डोक्यावर पांघरूण घेऊन घालवायचा. कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार कोणी पापणी न लवता बघत नाही. मधे भजी खाऊन येतो, पोराला झोपवतो, राक्षस आला की परत पुढे सरकतो. ल माँ तसंच बघायचं.

जूनमध्ये तिथे सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो आणि सकाळी ६ च्या आसपास उगवतो. सुरुवात बघा, संध्याकाळी थोडा वेळ आडवे व्हा, ९ ते १ फिरा, मग चार तास झोपा आणि ५ ला उठा. घरच्यांना फोन करायचा असेल तर आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. रात्री १ ला हौसेने व्हिडिओ कॉल लावाल, तर आई पहाटे साडेचारला दचकून उठेल.

एकाच जागी उभं राहणं

पिटच्या समोर गर्दी, मोठे स्क्रीन, सगळा थाट. पण तिथे गाडी सरळ सुसाट जाते, चालवण्यातलं कसब दिसत नाही. ते बघायला डनलॉप पुलाच्या चढावर जा. पिटमधून बाहेर पडलेली गाडी तिथूनच ट्रॅकवर येते. हायपरकारना, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाड्यांना, आता टायर आधी तापवून लावता येत नाहीत, त्यामुळे नव्या टायरवरची गाडी अंग चोरून वळते. मागून तापलेल्या टायरवर येणारी गाडी तिला दोनशे मीटरांत गाठते. दहा मिनिटं नुसती ही एकच गोष्ट बघत राहा. कोणत्या ड्रायव्हरचा हात धीराचा आहे ते कॉमेंट्रीशिवाय कळायला लागतं.

तिथून एसेसच्या नागमोडी उतारावरून तेर्त्र रूज या वळणापर्यंत चालत जाता येतं. पुढचा हुनोदिएरचा सरळ रस्ता सहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि १९९० पासून त्यावर वेग कमी करायला लावणारी दोन वाकणं, म्हणजे शिकेन, आहेत. तिथे काठावर उभं राहता येत नाही, उगाच शेतांतून वाट काढायला जाऊ नका, पोलिस परत पाठवतात. रात्रीसाठी मुलसान आणि आर्नाज ही वळणं राखून ठेवा. मुख्य आवारापासून ती लांब आहेत, आयोजकांच्या बसने जावं लागतं. आर्नाज हे ट्रॅकवरचं सगळ्यात मंद वळण. अंधारात आधी फक्त दिवे दिसतात, मग ब्रेक दाबल्यावर चाकांच्या आत तबकड्या लालभडक होतात, गिअर खाली पडताना इंजिन खोकतं, आणि गाडी इतक्या जवळून वळते की नंबर वाचता येतो. बसच्या फेऱ्या किती वाजेपर्यंत आहेत ते उतरतानाच विचारून घ्या. परतीची बस चुकवून अंधारात चालत येणारे दरवर्षी भेटतात.

कोण पुढे आहे ते न कळणं

ट्रॅकवर एकाच वेळी तीन शर्यती चालू असतात. हायपरकार म्हणजे फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू यांच्या गाड्या, एकूण विजेता यांच्यातूनच येतो. मग एलएमपी२, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेल्या दुसऱ्या वर्गाच्या गाड्या, आणि तिसऱ्या एलएमजीटी३, ज्या शोरूममधल्या स्पोर्ट्स कारसारख्या दिसतात. हायपरकार साधारण साडेतीन मिनिटांत फेरी मारते, जीटी३ ला जवळपास चार लागतात, त्यामुळे ओव्हरटेकिंग अखंड चालू. दिसलेली प्रत्येक ओव्हरटेक म्हणजे चढाओढ नव्हे, हे पहिल्या तासातच लक्षात घ्या.

कान लावलात तर गाड्या आवाजावरून ओळखू येतात. एलएमपी२ च्या सगळ्या गाड्यांना एकच ४.२ लिटरचं गिब्सन कंपनीचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, म्हणून सूरही एकच. कॅडिलॅकचं ५.५ लिटरचं व्ही८ छातीत घुमतं. फेरारीचं तीन लिटरचं टर्बो व्ही६ त्या मानाने सभ्य आहे, नाव ऐकून आलेले लोक तिथे जरा हिरमुसतात. पण फेरारीने २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन शर्यती याच सभ्य इंजिनावर मारल्या.

फोनच्या भरवशावर राहू नका. लाखो लोक एकाच टॉवरला लोंबकळतात आणि ॲप फिरत बसतं. छोटा एफएम रेडिओ न्या. ९१.२ वर रेडिओ ल माँची इंग्रजी कॉमेंट्री लागते, तीही जागेवर, कोणत्याही विलंबाशिवाय. कानात इअरफोन आणि वरून कान झाकणारे मफ, म्हणजे आवाजापासूनही बचाव. लहान मुलं असतील तर मफ हवेतच, कापसाचे बोळे कामाचे नाहीत.

आणि एखादी मधली गाडी आपली मानून तिचा नंबर लिहून ठेवा. आघाडीवरच्या गाड्यांकडे सगळेच बघतात, पण दहाव्या नंबरवरची गाडी रात्रभरात कुठे पोचते यात जास्त मजा आहे. २०१२ मध्ये करुण चंढोक ल माँच्या शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय ठरला आणि त्याच्या संघाची गाडी एकूण सहावी आली. त्याच्या आधी, २००९ मध्ये नारायण कार्तिकेयनला हा मान मिळायचा होता. पण शर्यत सुटण्याआधी पिटची भिंत ओलांडताना त्याचा खांदा निखळला आणि गाडी त्याच्याविनाच धावली.

खाण्याचे हाल

बटाट्याचे फ्राइज, सॉसेज, बर्गर, क्रेप. शाकाहारी असाल तर फ्राइजवर चोवीस तास काढणं जड जातं, आणि क्रेपच्या पिठात अंडं असतं हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. थेपले, भाजके शेंगदाणे, चिवडा, बाकरवडी सोबत घ्या. पेढे, बर्फी, तूप मात्र घरीच ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आत येताना पिशव्या तपासतात, काचेची बाटली नेऊ नका.

शुक्रवार फुकट घालवणं

शनिवारीच पोचलं म्हणजे झालं, असं समजून लोक शुक्रवार पॅरिसमध्ये काढतात. शुक्रवारी ट्रॅकवर गाड्या धावत नाहीत हे खरं, पण पिटलेन प्रेक्षकांसाठी उघडी असते आणि दुपारनंतर गावात ड्रायव्हरांची मिरवणूक निघते. गाडी दोन हातांवर बघायला मिळण्याची ही चांगली संधी. पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान आगगाडी तासाभरात ल माँला पोचते. विमानतळ ते माँपारनास हे अंतर मात्र शहर ओलांडून आहे, मधे दोन तास हाताशी ठेवा. चार्ल्स द गॉल विमानतळावरून थेट ल माँच्याही काही गाड्या आहेत, त्या आधी बघा. ल माँ स्टेशनवरून टी१ ट्राम ट्रॅकपाशी नेते.

शेवटचा तास सोडून निघणं

गर्दी टाळायला रविवारी दुपारी ३ ला निघणाऱ्यांना २०१६ ची गोष्ट सांगावी. टोयोटाची पाच नंबरची गाडी पुढे होती, जेमतेम तीनेक मिनिटं उरली होती, काझुकी नाकाजिमा चालवत होता. गाडीचा जोर गेला आणि ती पिटसमोरच्या सरळ रस्त्यावर, स्टँडसमोरच थांबली. पोर्श बाजूने निघून गेली आणि जिंकली. टोयोटाने कशीबशी शेवटची फेरी पुरी केली, पण नियमातल्या सहा मिनिटांहून कितीतरी जास्त वेळ लागल्याने तिचं नाव निकालातही आलं नाही. लवकर निघून ट्राम धरलेल्यांनी हे सगळं फोनवर वाचलं.

झेंडा पडल्यावर प्रेक्षकांना ट्रॅकवर सोडतात, पोडियमखाली जायचं असेल तर फाटकाजवळ आधीच उभे राहा. त्यानंतर ट्रामला लांबच लांब रांग लागते आणि रविवार संध्याकाळच्या टीजीव्ही केव्हाच भरलेल्या असतात. रविवारी रात्रीचं विमान अजिबात घेऊ नका. सोमवारी सकाळची आगगाडी आणि संध्याकाळचं विमान, एवढं अंतर ठेवलंत तर तंबू वाळवून, गुंडाळून निघता येतं.