बाईनं पुरुष, पुरुषानं बाई: ऑनलाइन रोलप्लेमध्ये वेगळ्या लिंगाचं पात्र कसं उभं करावं

रोस्ट हे माझं ऑनलाइन गेममधलं पात्र, साठीचा पुरुष. गेममधल्या लिम्सा लोमिन्सा या बंदराच्या गोदीत त्यानं जन्मभर होड्या दुरुस्त केल्या, डावा गुडघा त्यातच गेला, आणि आता तो कुऱ्हाड घेऊन टँक म्हणून, म्हणजे शत्रूचे वार अंगावर घ्यायला, सगळ्यांच्या पुढं उभा राहतो. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, बाई आहे, आणि ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये बरीच वर्षं हाच माणूस खेळते. गेममध्ये पात्र होऊनच बोलायचं-वागायचं, याला रोलप्ले म्हणतात. आमच्या मराठी रोलप्ले गटात नवीन आलेली मुलं-मुली विचारतात, की दुसऱ्या लिंगाचं पात्र खोटं वाटू नये म्हणून नेमकं काय करायचं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः याच गेममधली आहेत, कारण तो मला आतून-बाहेरून माहीत आहे.

पात्र बनवायच्या स्क्रीनवर सुरुवातीलाच वंश आणि लिंग निवडायला लागतं. म्हणून बहुतेकजण विचारही तिथूनच सुरू करतात, आणि मग ‘बाई’ किंवा ‘पुरुष’ एवढंच पात्र तयार होतं. गेम उघडायच्या आधी कागदावर चार गोष्टी लिहा: वय, पोटापाण्याचा धंदा, अंगातलं एखादं दुखणं, आणि घरी कोण कोण आहे. रोस्टची बायको वारली आहे, मुलगी व्यापारी जहाजावर आहे आणि तिची पत्रं उशिरा येतात. एवढं ठरल्यावर तो कसा बोलेल, कशावर चिडेल, कुणाशी मऊ वागेल हे मला वेगळं शोधावं लागलं नाही. तो पुरुष आहे हे त्या सगळ्यात आपोआप आलं.

चेहरा आणि शरीर ठरवताना मापं कमी-जास्त करायचे स्लायडर टोकाला ओढायचा मोह आवरा. पुरुष म्हणजे दंड फुगलेले, बाई म्हणजे छाती आणि कंबर, असं केलंत तर तुम्ही लांबून बघायचं चित्र बनवताय. ज्याच्या आत शिरून तासन्‌तास बोलायचं आहे तो माणूस त्यातून तयार होत नाही. कागदावरच्या धंद्याला शोभेल तेवढंच शरीर द्या.

नावाकडं नीट लक्ष द्या, कारण इथं नावातच लिंग असतं. रोगाडिन वंशातल्या दर्यावर्दी लोकांत आडनाव बापाच्या नावावरून बनतं. मुलगा असेल तर शेवटी ‘सिन’ लागतं, मुलगी असेल तर ‘विन’. लिम्साची ॲडमिरल मर्लविब ब्लोफिस्विन आहे, ती त्या ‘विन’मुळंच कुणाची तरी लेक. मिकोटे वंशातल्या सूर्यपूजक टोळ्यांमध्ये बाईच्या नावामागं बापाचं नाव येतं, तर पुरुषाच्या मागं ‘टिया’ किंवा ‘नुन’ लागतं, म्हणजे टोळीतला त्याचा दर्जा. आपल्याकडं मुलीच्या नावापुढं बापाचं नाव लावायची रीत आहेच, त्यामुळं मराठी माणसाला हे पटकन कळतं. पुरुष पात्राला ‘विन’ लावलंत तर जाणकार खेळाडू बोलणं सुरू व्हायच्या आधीच थबकतो.

आता मुख्य काम: निरीक्षण. माझा दिवस लोकांचे गुडघे आणि पाठी बघण्यात जातो, त्याचा मला फार उपयोग झाला. साठीच्या कष्टकरी पुरुषाला गुडघा छळत असला तरी ‘दुखतंय’ असं तो लवकर म्हणत नाही. आधी खुर्चीची पाठ धरतो. मग तळवा मांडीवर दाबतो, टेकताना श्वास रोखतो, आणि बसल्यावर कुणी पाहिलं तर नाही ना, याचा अंदाज घेत टोपी सारखी करतो. त्याच वयाची बाई दुखणं बोलून दाखवते, पण बोलता बोलता पिशवीतलं काहीतरी नीट लावत असते. सगळे असेच असतात असं नाही. मात्र लोकांनी आपल्याकडून काय अपेक्षा ठेवली आहे, हे माणसाच्या अंगात असं मुरलेलं असतं, आणि पात्र रंगवताना पकडायचं ते हेच.

याचं लिखाण कसं होतं ते दाखवते. नवखा खेळाडू लिहितो: ‘रोस्ट मर्दासारखा छाती फुगवून बसतो.’ मी लिहिते: ‘रोस्ट पिंपाची कड धरतो. मांडीवर तळवा दाबत हळूहळू टेकतो. “बोला, ऐकतोय मी,” म्हणतो, पण नजर समोरच्या पायऱ्यांवर आहे.’ दुसऱ्या लिखाणात ‘पुरुष’ हा शब्द कुठंही नाही. शिवाय समोरच्या खेळाडूला काहीतरी करायला जागा मिळते: कुणी हात पुढं करतं, कुणी मुद्दाम पायऱ्या टाळून दुसरा रस्ता सुचवतं. गेममधले तयार इमोट, म्हणजे बटण दाबून करायचे हावभाव, वंश आणि लिंगानुसार वेगळे दिसतात, रोगाडिन पुरुषाचं हसणं, वाकणं सगळं दांडगं आहे. ते सगळे एकदा स्वतः करून बघा, आणि जे तुमच्या पात्राला शोभत नाहीत त्यांच्या जागी असं लिहून काढा.

मराठीत खेळणाऱ्यांची एक खास अडचण आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणून वाटेल तेवढं बोललं तरी लिंग कळत नाही, आपल्याकडं पहिल्याच क्रियापदाला कळतं. येतो की येते, बसलो की बसले. आमच्या कोल्हापूरकडं बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, त्यामुळं रोस्टची भाषा माझ्या तोंडात अवघडली नाही. पुण्या-मुंबईच्या मुलींना मात्र सराव करावा लागतो, आणि स्त्रीपात्र खेळणाऱ्या मुलग्यांना त्याहून जास्त. भांडणाच्या किंवा लढाईच्या ओघात हात आपलंच रूप टाइप करतो. सरावाला सोपी वाट अशी: सुरुवातीला सकर्मक भूतकाळातली वाक्यं जास्त वापरा. ‘मी दार उघडलं’, ‘मी त्याला पाहिलं’ हे बाई आणि पुरुष दोघंही सारखंच म्हणतात. हळूहळू ‘निघालो’, ‘थांबतो’ वाढवत न्या. ज्यांचं पात्र बाई-पुरुष या चौकटीत बसत नाही त्यांना तर हीच वाक्यं कायमची हाताशी येतात. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात टाकायची पद्धत पाळा: ((थांबा, कुकर बंद करून येते)). कंसात ‘येते’, बाहेर ‘येतो’. ही शिस्त बसली की समोरच्याचा गोंधळ होत नाही आणि तुमचाही नाही.

भाषेइतकंच चालण्याकडं लक्ष द्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७५ खेळाडूंना ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये खास बनवलेली मोहीम खेळायला दिली होती. पुरुषांपैकी २३ टक्के आणि बायकांपैकी ७ टक्के दुसऱ्या लिंगाचं पात्र खेळले. स्त्रीपात्र घेतलेले पुरुष भावना दाखवणारे शब्द आणि उद्गारचिन्हं जास्त वापरत होते, म्हणजे बोलणं त्यांनी बदललं होतं. पण ते उड्या जास्त मारत, मागं मागं जास्त सरकत, गटापासून लांब उभे राहत. उद्गारचिन्हांनी बाई होत नाही, हे यातून स्पष्ट दिसतं. रोलप्लेच्या ठिकाणी धावणं बंद करून चालायचं बटण लावा, कारण नसताना उडी मारू नका, आणि बोलणाऱ्याच्या समोर, बोलण्याच्या अंतरावर उभे राहा.

आमच्या गटात कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढतंच, आणि ते योग्यही आहे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) रंगभूमीवर जी साडी नेसत, जशी केशरचना करत, तिचं अनुकरण घराघरातल्या बायका करत. पण मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते: प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ‘मानापमान’ नाटकातल्या भामिनीचं काम एक पुरुष करतो आहे. कुणाची फसवणूक नव्हती, म्हणून सगळे मोकळेपणानं त्या बाईवर लुब्ध होऊ शकले.

गेममध्ये पडद्यामागचं असं आपोआप कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळं ती जबाबदारी आपल्यावर येते. माझा नियम सरळ आहे. पात्राचं लिंग हे पात्राचं, ते कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. ‘तू खरा कोण, बाई की पुरुष?’ असं अनोळखी माणसानं विचारलं तर ‘ते मी सांगत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, विशेषतः मुलींसाठी. पण खोटं सांगू नका. कुणी तुम्हाला खरी मुलगी समजून गिल (गेममधले पैसे), कपडे, माउंट (स्वारीचं जनावर) देऊ लागलं तर घेऊ नका, तिथंच थांबवा. आणि दोन पात्रांमध्ये प्रेम फुलणार असं दिसलं, की पहिल्या मिठीच्या आधी कंसात बोला: ((कथेत हे चालेल का? गेमबाहेर माझ्या मनात काही नाही)). या गेममध्ये लग्नाचा विधी कुठल्याही दोन पात्रांना करता येतो, लिंगाची अट नाही, त्यामुळं हा प्रसंग येतोच. समोरचं माणूस अठराच्या आतलं असेल किंवा तसं वाटत असेल, तर प्रेमाचं कथानक घेऊ नका.

व्हॉइस चॅटचा बाऊ करू नका. मोहिमेत माझा आवाज बाईचाच असतो, कुऱ्हाड रोस्टच्या हातात असते, आणि दोन दिवसांत सगळ्यांना त्याची सवय होते. ज्याला आवाज द्यायचा नाही त्यानं गटप्रमुखाला आधी सांगावं, की मी फक्त ऐकेन आणि टाइप करेन. चांगल्या गटात याचं कारण विचारत नाहीत.

काही जणांच्या बाबतीत हे खेळण्यापुरतं राहत नाही. मुलीचं पात्र खेळता खेळता एखाद्याला कळतं की हेच आपलं खरं रूप आहे, किंवा आधीपासून माहीत असलेलं तिथं पहिल्यांदा बोलता येतं. असं कुणी तुमच्याजवळ मन मोकळं केलं तर ते ज्या नावानं, ज्या क्रियापदानं हाक मारायला सांगतील तसंच बोला, आणि तिसऱ्या माणसाला अवाक्षर सांगू नका, अगदी कौतुकानंसुद्धा. त्या माणसाच्या घरी काय परिस्थिती आहे हे आपल्याला माहीत नसतं.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. या गेमची मोफत ट्रायल आहे, २०२३ मध्ये ती सत्तराव्या लेव्हलपर्यंत वाढवली. ट्रायलवर खासगी संदेश पाठवता येत नाहीत, लांबवर ऐकू जाणारं शाउटही नाही, त्यामुळं अनोळखी माणसाशी मुख्यतः जवळ उभं राहूनच बोलावं लागतं. नवख्यासाठी मला हे चांगलंच वाटतं, कारण पात्राला माणसांत जाऊन उभं राहावंच लागतं. गेममधल्या उल्दा शहरातली क्विकसँड ही खानावळ रोलप्लेवाल्यांची जुनी बैठक आहे, तिथं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून आधी नुसतं ऐका. पात्र अंगाला बसलं नाही तर फँटासिया नावाचं औषध पिऊन वंश, लिंग, चेहरा सगळं बदलता येतं, पहिली मोठी कथा संपवली की एक बाटली मोफत मिळते. ती मात्र लगेच पिऊ नका, आधी पात्राचं वय बदलून बघा. मुलीचं पात्र खोटं वाटतंय म्हणून आलेल्या एका मुलाला मी ती चाळिशीची करायला सांगितली, दोन मुलांची आई, घाऊक मासळीचा धंदा. आता आमच्या गटात सगळ्यात जास्त लोक तिच्याशी बोलायला थांबतात.