एक प्यादं कमी असलं तरी हत्तीचा डाव कसा वाचवायचा

क्लबच्या बुद्धिबळ टूर्नामेंटमधे तीन-चार तास झाले की पटावर बऱ्याचदा हेच उरतं, दोघांचा एकेक हत्ती आणि समोरच्याकडे एक प्यादं जास्त. लगेच रिझाइन करू नका, म्हंजे हार मानू नका प्लीज. तुमचा राजा प्याद्याची वाट अडवून उभा असेल तर डाव बरोबरीत सुटू शकतो, फिलिडोर या जुन्या फ्रेंच बुद्धिबळपटूने १७७७ मधेच हे दाखवून ठेवलंय.

समजा तुम्ही काळे. (घरांची नावं अशी: ए ते एच उभ्या ओळी, १ ते ८ आडव्या, १ पांढऱ्याच्या बाजूने.) तुमचा राजा ई८ वर, पांढऱ्याचं प्यादं ई५, राजा डी५, हत्ती एच७. तुमचा हत्ती ए६ वर आणा, म्हंजे तुमच्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीत, आणि त्या ओळीतच ठेवा, त्याच्या राजाला मग पुढे यायला जागाच नाही. तो इकडे तिकडे चाली करेल, तुम्ही पण हत्ती बी६, परत ए६, फक्त फुकट मरत नाहीये ना बघा. ज्या क्षणी तो प्यादं ई६ ला ढकलेल त्याच क्षणी हत्ती सरळ ए१ ला. राजा डी६ ला आला की डी१ वरून शह, ई५ ला गेला की ई१ वरून शह, कारण ज्या घरात तो लपला असता तिथे आता त्याचंच प्यादं बसलंय, आणि शह चुकवत डी४ ला उतरला तर ई६ चं प्यादं तुम्ही खाता.

घाई केली की मात्र अवघड होतं. माझा असाच डाव गेला, एका काकांविरुद्ध, घड्याळात दीड मिनिट, प्यादं अजून ई५ वरच आणि मी घाबरून हत्ती आधीच ए१ ला नेला. काका राजा डी६, मी शह, काका राजा ई६, आणि एच८ वर मात समोर दिसायला लागली. नंतर घरी बघितलं तर तिथेही बचाव होता, पण त्या दीड मिनिटात मला सापडला नाही, फार लागलं ते मनाला.

ड्रॉ, म्हंजे बरोबरी, मागायचा असेल तर आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. तुमच्या चालीने तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल तर ड्रॉचा दावा करता येतो, पण ती चाल पटावर खेळू नका, चाली लिहायच्या शीटवर लिहा, घड्याळ थांबवा आणि आर्बिटरना, म्हंजे पंचांना, बोलवा.