रोहित बघायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की भिगवण, ऐरोली, शिवडी, नेरुळ इथून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे फोटो यायला लागतात. सोबत त्याच त्या चुकाही येतात. नव्या मंडळींना घेऊन जाताना दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

उडता फोटो हवा म्हणून थवा उठवणं

या एका गोष्टीनं माझं डोकं फिरतं. भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्यावर आमची होडी कुंभारगावहून निघाली होती. समोर उथळ पाण्यात मोठे रोहित (लहान आणि मोठा अशा दोन जातींतली मोठी जात) चरत होते. चोच उलटी करून पाण्यात घातलेली, पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत. आम्ही लांबच थांबलो. तेवढ्यात दुसऱ्या होडीतल्या लोकांनी नावाड्याला जादा पैसे कबूल केले आणि होडी थेट थव्याकडे निघाली. आधी कडेच्या पक्ष्यांनी माना वर केल्या. मग बदकांसारखा कलकलाट सुरू झाला आणि सगळा थवा एका दिशेनं चालू लागला. तिथे होडी थांबली असती, तर पक्षी परत चरायला लागले असते. ती थांबली नाही. पाण्यावर धावत धावत अख्खा थवा उठला, कॅमेरे कडकडले. पक्षी पलीकडच्या काठाला गेले ते आम्ही परत फिरेपर्यंत तिथेच होते. मागून आलेल्या होड्यांत शाळकरी मुलं होती, त्यांच्या वाट्याला नुसतं पाणी आलं.

नावाड्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही, गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. मी होडीत पाय ठेवण्याआधीच बोलून घेतो: "दादा, जवळ नेलं नाही तरी पैसे पूर्ण देणार. पक्षी उठले तर मात्र फेरी तिथेच संपली." इंजिन लांबच बंद करायला लावायचं आणि माना वर झालेल्या दिसल्या की मागे सरकायचं. रोहित आपण होऊन जागा बदलतातच, तेव्हा उडताना मिळतात. तासभर गप्प बसायची तयारी नसेल, तर या पक्ष्याच्या वाटेला जाऊच नये.

इथे ते घरटी करतात असं समजणं

वरची चूक होते ती या गैरसमजामुळे. आपल्याकडे रोहित येतात ते खायला. वीण होते गुजरातेत, कच्छच्या रणात. तिथलं त्यांचं प्रचंड वसतिस्थान पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९४५ साली पाहून नोंदवलं. पावसाचं पाणी रणात योग्य तेवढं साचलं तरच वीण जमते. कमी पडलं तर तो हंगाम वाया जातो. चिखलाचा फूटभर उंचीचा बुंधा, त्याच्या खोलगट माथ्यावर एकच अंडं, ते नर-मादी आळीपाळीनं साधारण महिनाभर उबवतात. पिल्लू निघतं ते सरळ चोचीचं. वाकडी गाळणीची चोच तयार होईपर्यंत आईबाप दोघंही घशात तयार होणारं लालसर दूध त्याला पाजतात. पुढे पिल्लांचा पाळणाघरासारखा घोळका होतो आणि अडीच महिन्यांच्या सुमारास ती उडायला लागतात.

एका वर्षात फार तर एक पिल्लू, तेही पाऊस जमला तर. या सगळ्यासाठी लागणारी चरबी ठाण्याच्या खाडीत आणि उजनीत साठते. विणीआधीचा गडद गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. आपण त्यांना उठवतो तेव्हा नेमकं हे खाणं तोडतो.

भरती न बघता खाडीवर जाणं

रविवारी सकाळी सगळे मोकळे असतात, खाडी नसते. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर लांबवर पांगतात आणि दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, मग ते नवी मुंबईच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. मी शिवडीला भरतीच्या दोनेक तास आधी किंवा नंतर जातो. ऐरोलीच्या बोटीची वेळही भरतीवरच ठरते. भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण कोळ्यांचा जुना हिशेब मला जास्त आवडतो: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर साडेसातच्या सुमारास भरती, तासभर पुढेमागे. सुट्टी बघून तिथी शोधू नका, तिथी बघून सुट्टी काढा.

किरकोळ, पण रोजच्या

लहान आणि मोठा रोहित रंगावरून ओळखू नका, चोच बघा. मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी. लहानाची गडद लाल, लांबून काळीच वाटते. ठाण्याच्या खाडीत लहान जास्त, उजनीत मोठे.

एका पायावर उभा आहे म्हणजे लंगडा नव्हे.

सीगलना शेव-गाठिया टाकू नका.

ड्रोन नको. अजिबात नको.

करड्या पक्ष्याला आजारी समजून पकडणं

थव्यातला करडा, मळकट पक्षी म्हणजे पिल्लू. पूर्ण गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. दर हंगामात कुणीतरी अशा धडधाकट पिल्लाला 'वाचवायला' चिखलात उतरतं. पाठलाग आणि झटापटीनं रोहितांचे स्नायू निकामी होतात, पकडलेला पक्षी नंतर दगावतो. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, पक्षी रस्त्यावर पडला असेल तरच हालचाल करा, आणि ती म्हणजे वनविभागाच्या १९२६ वर फोन. माणसं येईपर्यंत कुत्री आणि गर्दी लांब ठेवा, पाणी पाजू नका, पाय धरून उचलू नका.